ती काच तुमची नव्हती, तात्या

तात्या, पूल बंद केला. जड गाड्यांना. दोन्ही टोकांना आडवा लोखंडी गर्डर टाकलाय, माणसाच्या डोक्यावर दोन हात. मोटरसायकल जाते, जीप जाते, एसटी जात नाही आणि उसाची ट्रॉली तर नाहीच नाही. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि तुमच्यामागे घडलेलं पहिलं तुम्हाला सांगण्यासारखं काही असेल, तर ते हे आहे. बाकी रडणं वगैरे माझं मी करते, त्यात काय सांगायचं.

लोक येतात आणि विचारतात, पुलाला झालंय तरी काय. वरून बघितलं तर खरंच काही झालेलं नाही. डांबर गुळगुळीत, कठड्याला यंदाच चुना मारलेला, मधे पिवळ्या पट्ट्या. रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला तेव्हा फलक बदलले, किलोमीटरचे दगड बदलले, पूल तोच राहिला. नवीन होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कडेगावच्या बाजूचा सगळा ऊस याच्यावरून कारखान्याला जायचा, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून, एकामागं एक. आता जात नाही. मला शिव्या देऊन लांबच्या वळशाने जातो.

तुम्ही मला पहिल्या दिवशी काय म्हणालात ते अजून आठवतंय. मी नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर, वडूजची. आमच्याकडे वर्षातले आठ महिने नदीत नुसती वाळू, त्यामुळे पूल म्हणजे काय ते मला पुस्तकातूनच माहीत. तुम्ही गँगचे मुकादम, फौजेत पूल बांधायच्या कामावर उमेदीची वर्षं घालवून आलेले. मी पुलावर उभी राहून वहीत लिहीत होते: कठडा ठीक, सांधा ठीक, डांबर ठीक. तुम्ही पाच मिनिटं नुसते बघत राहिलात आणि मग म्हणालात, "आवं मॅडम, हितं काय लिवताय? ह्यो तर रस्ता हाय. पूल खाली हाय." आणि माझ्याकडे न बघता बाभळीतून खाली उतरायला लागलात. मी नव्या चपला घालून आले होते. खाली पोचेपर्यंत एकीचा अंगठा तुटला होता आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

खाली तुम्ही मला तिसरा खांब दाखवलात. त्याच्या माथ्याला, पुलाची तुळई जिथे टेकते त्याच्या जरासं खाली, केसाएवढा तडा होता. आणि त्या तड्यावर काचेची बोटभर पट्टी आडवी चिकटवलेली, दोन्ही बाजूंना सिमेंटचा ठिपका, काचेवर खिळ्याने कोरलेली तारीख. मी विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, "ही तुटायसाठी लावलीया. तडा हलला तर काच मोडती. काच धड हाय तवर झोप धड." मग शिडी लावून मला वर चढवलंत. तुम्ही खाली शिडी धरून उभे आणि वरच्यावर सांगताय, "खाली बगू नगा, काचंकडं बगा." त्या दिवसापासून दर महिन्याला मी ती काच बघत आले. निदान काही वर्षं तरी.

काच तुम्ही कडेगावात फोटोला फ्रेमा करणाऱ्या दुकानातून आणायचात. त्याच्याकडे कापून उरलेले तुकडे. तो फुकट द्यायचा आणि म्हणायचा, "तात्या, पुलाचा फोटो लावताय काय घरी?" तुकडा आणला की तुम्ही ओट्यावर बसून त्याच्या चारी कडा दगडावर घासायचात, हाताला लागू नये म्हणून. काकी ओरडायच्या की अंगणात काचेचा भुगा होतो, पोरं अनवाणी फिरतात. तुम्ही म्हणायचात झाडतो, आणि कधी झाडायचा नाहीत. तुमच्या फोटोलाही त्यानेच फ्रेम केली.

कोयनानगरची गोष्ट आठवते का? आपल्याला आठ दिवस तिकडच्या घाटातले छोटे पूल बघायला पाठवलं होतं. विश्रामगृहात सकाळी मी केस विंचरत होते आणि एकदम टेबलावरची बाटली चालायला लागली. मी तशीच अंगणात धावत. बाहेर येऊन बघते तर तिथला आचारी शांतपणे स्टोव्ह पंप करतोय आणि तुम्ही त्याच्याजवळ उकिडवे बसलाय. मी म्हटलं, तात्या, भूकंप. तुम्ही म्हणालात, "व्हय. हितली लोकं हादरा बसला की च्या टाकत्यात. बसा." चहा संपेपर्यंत तुम्ही मला हलू दिलं नाहीत, आणि चहा संपल्याबरोबर असे काही सुटलात की मला जीपपर्यंत पळावं लागलं. त्या दिवशी आपण सात पूल खालून बघितले. दुपारी भाकरी सोडली तेव्हा तुमचा हात थरथरत होता. मी बघितलं, तुम्ही लपवलंत. मला तेव्हा कळलं की हा माणूस भितो, आणि भितो म्हणून नीट बघतो. माझा तुमच्यावर खरा जीव जडला तो त्या दिवशी. कधी सांगितलं नाही, तुमच्यासमोर असलं काही बोलायची सोय नव्हती.

आणि भांडणं. बाप रे, किती भांडलो आपण. मी दुर्बीण आणली तेव्हा तर तुम्ही आठवडाभर मला "दुर्बीनवाल्या मॅडम" म्हणत होतात. मी म्हणायचे, एवढे पूल, एवढी कमी माणसं, प्रत्येक ठिकाणी शिडी कशी लावणार? तुम्ही म्हणायचात, "दुर्बिनीनं तडा दिसंल. बोट घालता येतं काय तितनं?" मी म्हणायचे, तुमचा जमाना गेला. तुम्ही म्हणायचात, "जमाना गेला, खांब हितंच हायत." मग तुम्ही निवृत्त झालात आणि मला, खरं सांगते, थोडं हायसं वाटलं. आता कुणी मागे उभं राहून बघणार नाही असं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे.

आता ते सांगते ज्यासाठी बसले.

यंदा पावसाळ्याच्या आधी वरचे साहेब रस्ता बघायला येणार होते. मी गँगला एकत्र करून दम भरला: झाडं छाटा, चुना मारा, पाण्याची भोकं मोकळी करा, आणि कुठं काही तुटकं-फुटकं दिसता कामा नये. हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. साहेब आले, खूश होऊन गेले. दोन दिवसांनी मी वार्षिक पाहणीला त्या पुलाखाली गेले. ऊन मी म्हणत होतं, शिडी दुसऱ्या साईटवर होती. मी काठावर उभी राहून दुर्बीण लावली. तिसऱ्या खांबाची काच अगदी धड होती, तुमची तारीखसुद्धा वाचता आली. मी लिहिलं: तडा स्थिर, धोका नाही. खाली सही केली.

तुम्ही श्रावणात ऑफिसला आलात. निवृत्त माणूस, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगा. शेंगा टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, "मॅडम, तिसऱ्या खांबाची काच माझी न्हाई."

मी विचारलं, म्हणजे काय.

"म्हंजी ती मी लावल्याली न्हवं. मी कडा घासल्याबिगर काच लावत न्हाई. हिची कड बगा." आणि तुम्ही बोट पुढे केलंत. बोटाला चिंधी बांधलेली.

माझं डोकंच फिरलं. काचेवरून नाही, शिडीवरून. या वयात, एकटे, पावसात, शिडी लावून वर चढलात. पडला असतात तर? मी तुम्हाला तेच विचारलं आणि आवाज चढवून विचारलं. बाहेर दोन क्लार्क ऐकत होते. तुम्ही म्हणालात, पडलो न्हाई न्हवं, काचंचं बोला. मी म्हटलं, काचेवर तारीख तुमचीच आहे, मी स्वतः वाचली आहे, अहवाल वर गेला आहे, पाणी उतरलं की बघू. तुम्ही म्हणालात, "पाणी उतारलं की हंगाम सुरू हुतुया. तवा ट्रॉल्या येत्यात." आणि मग मी ते बोलले. "तात्या, तुम्ही रिटायर झालाय. आता पूल आमचा आहे."

तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि उठलात. तुमच्याशी एवढ्या वर्षांत कुठलं भांडण "बरं"वर संपलं नव्हतं.

त्यानंतर तुमचे दोन फोन आले. पहिल्यांदा मी मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा नव्हते. उचलला नाही, एवढंच. संध्याकाळी करू म्हटलं आणि राहिलं, आणि दसऱ्याच्या आसपास काकींच्या भावाचा फोन आला तो तुम्ही गेल्याचा.

दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही बायका एका बाजूला उभ्या होतो. तेवढ्यात आपल्या गँगमधला महादू माझ्याजवळ आला. तुमच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस, आता काही पोरगा नाही, पण तुम्ही नुसतं खाकरलात तरी उभा राहणारा. डोळे सुजलेले. म्हणाला, "मॅडम, येक सांगायचं ऱ्हायलंय. तात्यास्नी सांगायचं व्हतं, धीर झाला न्हाई. ती काच मी बदलली."

मी त्याच्याकडे वळले.

"तुमीच म्हनला व्हता, तुटकं काय दिसाया नगं. वर चढून बगितलं तर काच मदोमद फुटल्याली. मी नवीन आणली आन् बसवली. तात्यांची तारीख व्हती तशीच्या तशी कोरली, म्हटलं तारखंत चूक नगं व्हायला."

तात्या, मला त्या क्षणी हसू आलं. दहाव्याच्या गर्दीत, तोंडावर पदर घेऊन. किती मन लावून केलं होतं त्याने. तुटकी वस्तू बदलली, नीट बसवली, जुनी तारीख खाडाखोड न करता उतरवली. मी सांगितलं ते त्याने शब्दाला शब्द केलं. त्याला काय बोलणार? आणि मग हसू विरलं, कारण मला दिसलं की काच कधीतरी पावसाळ्याआधीच मोडली होती, तुम्ही तेच सांगायला आला होतात, आणि मी तुम्हाला रिटायर म्हणाले.

कावळा शिवला की नाही मला माहीत नाही. मी महादूला घेऊन निघाले, शिडी घेतली आणि त्याच साडीत तिसऱ्या खांबावर चढले. खाली बघितलं नाही. काच होती, धड, तिच्या कडा कच्च्या, कापणाऱ्या. तिला बसून पाच महिने झाले होते आणि चिकटवलेला एका बाजूचा ठिपका खांबापासून सुटला होता, म्हणून ती मोडलीही नव्हती. नुसती लोंबत होती. मी ती बाजूला केली. तुम्ही मला दाखवला होता तेव्हा त्या तड्यात नख जात नव्हतं. आता पाकिटातलं ओळखपत्र उभं आत गेलं. माझा फोटो असलेलं ओळखपत्र.

दुसऱ्या दिवशी मी आधीचा अहवाल चुकीचा होता असं लिहून नवीन अहवाल दिला, पोलिसांना कळवलं आणि लेखी आदेशाची वाट न बघता गर्डर टाकले. सांगलीहून साहेबांनी बोलावून घेतलं.

"तुमच्याच सहीचा अहवाल आहे. आता उलटं लिहिताय?"

"हो सर. तो चुकीचा होता."

"हे लेखी देऊ नका. मी सांभाळून घेतो. हंगाम उरकू दे, मग बघू."

"सर, धोका हंगामातच आहे."

मग ते समजुतीच्या स्वरात म्हणाले की काच बदलणाऱ्या माणसावर टाका, तो तर गँगवाला आहे, त्याचं काय जातंय. तात्या, तुम्हाला माहीत आहे माझा स्वभाव. मी म्हटलं, हुकूम माझा होता, दुर्बीण माझी होती, सही माझी आहे, महादूचं नाव मी लिहिणार नाही. आणि तुमचं नाव मात्र लिहिलंय. श्रावणात निवृत्त मुकादमांनी प्रत्यक्ष येऊन सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं स्वच्छ लिहिलंय. साहेब म्हणाले, मयत माणसाचं नाव सरकारी कागदात कशाला, ते वाक्य काढा. नाही काढलं. चौकशी लावतो म्हणाले. लावा म्हटलं. लागली आहे.

तपासणीची टीम येऊन गेली, त्यांचा निकाल अजून नाही. उद्या ते म्हणतील पूल तसा ठीक होता, हिने उगाच गोंधळ घातला. म्हणू देत. मला खोटं ठरवायचं असेल तर पूल उभा राहूनच ठरवता येईल, आणि तसं झालं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण ट्रॉल्या घालून तो प्रयोग मी करू देणार नाही.

तुमच्या गावची माणसं पुलावर जमली. एक जण म्हणाला, "तात्या आसता तर आसलं काय हू दिलं नसतं." तेव्हा मात्र माझा तोल गेला. तुम्ही जिवंत असताना "म्हाताऱ्याला काम न्हाई" म्हणणारी हीच माणसं. मी त्यांना सांगितलं की तात्या असते तर हा पूल श्रावणातच बंद झाला असता, आणि झाला नाही तो माझ्यामुळे. एखादी बाई आपली चूक अशी पुलावर उभी राहून ओरडून सांगेल, हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी रांगेत सगळ्यात पुढे कुणाचा ट्रॅक्टर असावा? तुमच्या संदीपचा. तुमचा मुलगा, ज्याला मी दहावीत भूमिती शिकवली. मागे दोन ट्रॉल्या, शिगोशीग भरलेल्या. तो खाली उतरला, डोक्यावरचे केस अजून पूर्ण उगवले नव्हते.

"ताई, गर्डर काढा."

"नाही काढणार, संदीप."

"बापाला जाऊन म्हैना न्हाई झाला आन् तुमी आमच्याच पोटावर पाय देताय व्हय? त्येंनी ह्या पुलावर जल्म काढला."

"म्हणूनच नाही काढणार."

मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते जित्तं व्हतं तवा तुमी त्येंचं ऐकलं न्हाई. दोनदा फोन केला त्येंनी, माझ्यासमोर. आन् आता ऐकताय? आता कुणासाठी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, तात्या. ते माझ्यासमोरच उभं होतं, मुंडण केलेलं, रागाने लाल झालेलं. मी नुसती गर्डरला हात लावून उभी राहिले. मागे हॉर्न वाजत होते. त्या अरुंद जागेत दोन ट्रॉल्या मागे घेणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या सगळ्यांना हलवून, पुढेमागे करत करत त्याने ट्रॅक्टर वळवला. अर्धा तास लागला. महादूने त्याला हात दाखवून मदत केली, मी तेही केलं नाही. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. काकी बोलतात, त्यांनी परवा घरी बोलावून जेवायला घातलं, तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. काकी म्हणाल्या, बापावर गेलाय, धरलं की सोडत नाही. मी सकाळी साईटवर जाताना लांबच्या वळशाच्या फाट्यावर तो रोज दिसतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या, वर ऊस, आणि तो मान वळवून दुसरीकडे बघणारा.

तुमची माफी मागायची वेळ मी घालवली, ती आता येणार नाही. त्या दोन फोनवर तुम्ही काय सांगणार होतात, तेही कळणार नाही. पण संदीपला मी मनवायला जाणार नाही, तात्या, चिडू दे. मला बघून रोज तोंड फिरवू दे, गावभर मला नावं ठेवू दे, त्याच्या पोरांना सांगू दे की या बाईने माझ्या बापाचं ऐकलं नाही. ते खरंच आहे. संध्याकाळी रिकाम्या ट्रॉल्या घेऊन तो घरी परत येतो आणि काकी त्याला वाढतात. माझ्याशी न बोलायला तो रोज आहे.